मातीचा मान

रविवार, ६ मार्च १९३२

आज बंदरावर पुन्हा माझी वरात निघाली. आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहते. कंपनीचे कागद घेऊन मला पडावातून तिच्यापर्यंत जावं लागतं, आणि परतताना ओहोटी असली की पडाव उथळ पाण्यात थांबतो. मग खलाशी उतारूंना खांद्यावर घेऊन किनाऱ्याला आणतात. मला इद्रीस आणतो. आणतो म्हणजे काय, एका हाताने उचलून काखोटीला मारतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, "सरका, सरका! कंपनीचा टपाल आला!" बायका पदर तोंडाला लावून हसतात. मी चष्मा सांभाळतो.

इद्रीस बंदराजवळच्या राजिवड्याचा, माझा लहानपणापासूनचा मित्र. आम्ही दोघे बरोबरच भिकाजी वस्तादांच्या तालमीत गेलो. तो पैलवान झाला आणि मी तालमीचा चिटणीस. भाताची पोती तो पडावातून अशी उचलतो की बघणाऱ्याला वाटावं आत कापूस आहे. त्याला आजवर आमच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, कुणी चीत केलेलं नाही, आणि ही गोष्ट तो मला विसरू देत नाही.

संध्याकाळी तालमीत मी माझं जुनंच म्हणणं मांडलं. ताकद म्हणजे नुसता भार. तो पोत्यालाही असतो. कुस्ती जिंकते ती चपळाई. इद्रीस अंगाला तेल चोळत ऐकत होता. म्हणाला, "चपळाई माशीला पन हाय. म्हनून ती म्हशीला पाडते काय?"

सगळी तालीम खो खो हसली. मलाही हसावं लागलं, पण अंगाचा तिळपापड झाला होता. मी तिथल्या तिथे म्हणालो, "हनुमान जयंतीची मानाची कुस्ती लवूशी कर. मी त्याला तयार करतो."

लवू म्हणजे आमच्या तालमीतला भंडाऱ्यांचा तरुण. माडी काढतो, माडावर खारीसारखा चढतो. अंगाने माझ्याहून थोडाच जाड. तो बिचारा कोपऱ्यात बैठका मारत होता, आपलं नाव ऐकून तसाच अर्ध्यावर थांबला. वस्तादांनी इद्रीसकडे पाहिलं. इद्रीस म्हणाला, "होऊन जाऊ दे. लवूला पन मान मिळंल."

बघू कोण म्हैस आणि कोण माशी.

गुरुवार, १७ मार्च

लवूला रोज पहाटे भाट्याच्या वाळूत पळवतो. पाण्याकाठच्या ओल्या, घट्ट वाळूत तो असा पळतो की पाहत राहावं. झुकांडी देऊन पायाशी घुसतो आणि पट काढतो, म्हणजे समोरच्याचा पाय ओढून घेतो, तेव्हा मला तो दिसतच नाही. मी काठावर उभा राहून सूचना करतो. लवू सगळं ऐकतो. प्रश्न म्हणून विचारत नाही. मला असा विद्यार्थी हवाच होता.

पण संध्याकाळी हौद्यात उतरला की सगळं मुसळ केरात. आज इद्रीसने त्याच्याशी सरावाची कुस्ती धरली. लवू घुसला, पण त्याचा मागचा पाय मातीत रुतला आणि तो अर्धा क्षण उशिरा पोचला. तेवढ्यात इद्रीसने त्याची कंबर धरून वर उचललं, हवेत जरा धरून ठेवलं, आणि तान्ह्या पोराला ठेवावं तसं खाली ठेवलं. वर त्याला पडावं कसं हेही शिकवलं. "मान आत घे. खांद्यावर येऊ नको कंदी, खांदा गेला की मानूस गेला."

घरी आल्यापासून मी विचार करतो आहे. आमचा हौदा जांभ्यात खोदलेला आहे आणि वर घोट्याच्या वरपर्यंत पाय जाईल इतकी माती. त्या मातीत भारी माणूस पाय रोवून खांबासारखा उभा राहतो आणि हलक्या माणसाचा पाय मात्र अडकतो. म्हणजे मातीच ताकदीच्या बाजूची! आजवर कुणाच्या हे लक्षात कसं आलं नाही?

गुरुवार, २४ मार्च

शिमग्याच्या पालखीत नाचून सगळे थकलेले असताना वस्तादांनी जाहीर केलं, यंदा मातीचा मान काशीरामला, म्हणजे मला.

मातीचा मान ही आमच्या तालमीची रीत. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी एकाच माणसाने उपास करून, आंघोळ करून, दार लावून हौद्याची माती खणायची. ताक, हळद, तेल घालून ती मऊ करायची. वर हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी मानाचे दोघे सलामीला उतरेपर्यंत तिच्यात कुणीही पाय ठेवायचा नाही. बाकीच्या कुस्त्या बाहेर अंगणात होतात. उतरल्यावर पैलवानाला माती पसंत नसेल तर तो "माती फिरवा" म्हणू शकतो, मग खणणाऱ्याने सगळ्यांदेखत ती पुन्हा खणायची. पण असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हटलं तर खणणाऱ्याने पुन्हा तालमीत तोंड दाखवू नये, इतका तो अपमान.

वस्ताद म्हणाले, "कुस्ती नाय खेळलास कंदी, पन हितं राबलास. तुजा हक्क हाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इद्रीसने माझ्या पाठीवर थाप मारली. ती अजून दुखते आहे.

मंगळवार, १९ एप्रिल

खणून आलो. उपास अजून सोडलेला नाही.

काय केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या माझं मलाच उगाच मोठं वाटायला नको. दुपारी दार लावून घेतलं. निम्मीशिम्मी माती टोपल्यांनी काढून मागच्या परसात टाकली. उरलेली पाणी शिंपून चोपण्याने चोपली, घरचं खळं चोपतात तसं. अगदी टणक झाली. मग वर बोटभर मऊ माती पसरली, ताक-हळद घातली, कुंकू वाहिलं. वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

यात अधर्म काही नाही. खोल माती एकाला मदत करते, तर ती मदत मी काढून घेतली. दोघांना सारखीच जमीन. उलट आजवरच्या सगळ्या कुस्त्याच अन्यायाच्या होत्या म्हणायच्या. लवूने उद्या इद्रीसला चीत केलं तर ते चपळाईनेच केलेलं असेल.



बुधवार, २० एप्रिल. चैत्र पौर्णिमा.

लिहिणं भाग आहे.

तालीम माणसांनी फुटत होती. देवरूखहून, पार अंजनवेलहून लोक आले होते. घाटावरचे दोन वस्तादही पाहुणे म्हणून आले होते, त्यांना मीच खुर्च्या दिल्या. नारळ फुटला. आधी लवू उतरला, मग इद्रीस.

इद्रीस पाय ठेवल्यावर जरासा थांबला. मला वाटलं, लोकांकडे बघतो आहे. मग वाकून त्याने मूठभर माती घेतली, बोटांतून सोडली, आणि माझ्याकडे पाहून हसत मोठ्याने विचारलं, "काय रे काशीराम, माती बरी हाय ना?"

मी म्हणालो, "बरी आहे."

तो क्षणभर तसाच बघत राहिला. मग म्हणाला, "तू खनलीस, मंग बरीच असनार," आणि लवूच्या अंगावर माती टाकून सलामी दिली. त्याला काही कळलं नाही म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

खडाखडी झाली. लवू विजेसारखा घुसत होता, पण इद्रीस आज जागचा फारसा हलतच नव्हता. पाय उचलायचा नाही, घासत घासत सरकायचं, असं काहीतरी त्याचं चाललं होतं. दोन वेळा लवूने पट काढायला पाहिलं, दोन्ही वेळा इद्रीसने त्याला परतवलं. तिसऱ्या वेळी त्याने लवूची कंबर धरली आणि उचललं. पार डोक्यापर्यंत. लोक ओरडायला लागले. म्हणजे माझी सगळी चपळाई हवेत पाय झाडत होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि हेच मला लिहायचं आहे, कारण दुसरं कुणी हे म्हणणार नाही.

मग आपटण्यासाठी इद्रीसने पाय रोवायला पाहिलं. पाय रुतला नाही. सरकला. तो उजव्या खांद्यावर पडला आणि लवूचा सगळा भार त्याच्यावर आला. एक आवाज झाला. भिंतीशी उभा होतो तिथे तो मला ऐकू आला.

इद्रीसची पाठ टेकली होती. कुस्ती लवूची झाली. लोकांनी लवूला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला, आणि सगळीकडून माझीच वाक्यं माझ्या कानावर यायला लागली. ताकदीला चपळाई भारी! काशीराम म्हणत होता तेच खरं! कुणीतरी मलाही गुलाल फासला.

इद्रीसला खाटेवर घालून हाडवैद्याकडे नेलं. मी गेलो नाही. तालीम आवरायला म्हणून मागे राहिलो, दार लोटलं, परसातली माती टोपल्यांनी परत आणली आणि कुदळीने तो टणक हौदा फोडायला लागलो. माझा मित्र तिकडे ओरडत असेल आणि मी इकडे पुरावा खणत होतो. याहून नीच काही मी आयुष्यात केलेलं नाही.

वर पाहिलं तर वस्ताद दारात उभे.

"आज कशाला खनतोस?"

"रक्त सांडलंय," मी म्हणालो.

रक्त सांडलेलं नव्हतं. वस्तादांना हल्ली नीट दिसत नाही. ते वळून गेले.

गुरुवार, २१ एप्रिल

खांदा निखळला होता, तो बसवला. गळ्याखालचं हाड मोडलं आहे. हाडवैद्य म्हणतो, हाड जुळेल, पण हात पहिल्यासारखा वर जाईल असं वाटत नाही.

कचेरीत जाऊन दिवसभर एकाच ओळीवर बसून राहिलो.

मंगळवार, ३ मे

आज धीर करून राजिवड्याला गेलो. वाटेत मनाशी वाक्य पक्कं केलं होतं: इद्रीस, माती मी चोपली होती. एवढंच बोलायचं आणि जे होईल ते होऊ द्यायचं. त्याने शिव्या घातल्या तर बरंच होईल, असं वाटत होतं.

तो पडवीत खाटेवर बसला होता, हात छातीशी बांधलेला. मला पाहून म्हणाला, "ये टपाल! आज चालत आलास?" आसपासचे लोक जमले होते, कुस्ती कशी झाली ते त्याला पुन्हा पुन्हा विचारत होते. मी तोंड उघडणार एवढ्यात एकाने विचारलं, "इद्रीसभाय, तुमचा पाय कसा काय सरकला?"

इद्रीस म्हणाला, "सरकला नाय. त्या लवूनं सरकवला. वर धरल्यावर पन त्यानं अंग असं काय फिरवलं की माजा तोल गेला. चपळ हाय पोरगा, मानलं."

लवूने वर काही फिरवलं नव्हतं. मी पाहिलं होतं. इद्रीसला ते तसं वाटलं असेल, पडताना माणसाला काय कळतं? तो मनापासून लवूची तारीफ करत होता आणि मी चहा पीत होतो. वाक्य परत घेऊन आलो.

निघताना त्याची बायको कनीज दारापर्यंत आली. मी नेलेल्या आंब्याच्या पाटीकडे पाहत म्हणाली, "भावजी, तुमी लई करता आमच्यासाटी. येवडं कोन करतं?" तिचा आवाज नेहमीचाच होता. पण नेहमी ती हसते, आज हसली नाही. नवऱ्याच्या काळजीत असणार.

रविवार, २२ मे

हंगामातली शेवटची आगबोट गेली. आता पावसाळाभर बंदर बंद. ओहोटी होती. मला दुसऱ्या एका खलाशाने खांद्यावरून आणलं, अगदी अदबीने, एक शब्द न बोलता. कुणी हसलं नाही.

इद्रीस किनाऱ्यावर उभा होता. पोती उतरताना पाहत होता. एका म्हाताऱ्या उतारूची वळकटी उचलायला म्हणून त्याने उजवा हात पुढे केला, तो छातीपाशीच थांबला. मग त्याने डाव्या हाताने घेतली. म्हाताऱ्याने त्याला ओळखलं. "तू तो पैलवान ना?" इद्रीस म्हणाला, "नाय बाबा, तो दुसरा."

साहेबाच्या हातापाया पडून मी त्याला कंपनीच्या वखारीवर राखणदाराची जागा मिळवून दिली आहे. स्टुलावर बसायचं आणि आल्यागेल्याकडे बघायचं. इद्रीसने ती घेतली. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणखी एक. वस्तादांनी आज सांगितलं, पुढल्या वर्षापासून मातीचा मान बंद. ज्यांची कुस्ती त्या दोघांनीच मिळून माती खणायची. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "म्हातारा झालो, नवे नियम करायची हौस येते." त्यांना काही कळलं असेल का? कळलं असतं तर बोलले असते. ते कुणाची भीड ठेवणारे नाहीत.

रविवार, १० जुलै

आठ दिवस संततधार. तालमीच्या कौलांतून गळतं, हौद्यावर नारळीच्या झावळ्या घालून ठेवल्या आहेत.

गेल्या आठवड्यात घाटावरच्या त्या पाहुण्या वस्तादांचं बोलावणं आलं. दसऱ्याच्या फडात लवूला चांगल्या जोडीवर घ्यायचं म्हणतात. समोर कुणी म्हशी पाळणाऱ्या घरचा पैलवान आहे, इद्रीसहून वजनदार. "कोकणातल्या भीमाला ज्याने पाडलं त्याला बघायचं आहे" असं त्यांचं म्हणणं. लवू आनंदाने वेडा झाला आहे. मी मात्र त्याला अडवायचं ठरवलं. लवूने कुणालाही पाडलेलं नाही. हे मला एकट्याला ठाऊक आहे. घाटावरच्या खोल मातीत तो आपल्या चपळाईवर विश्वास टाकून घुसेल, त्याचा पाय रुतेल आणि तो दांडगा त्याचं मणक्याचं हाड मोडेल. मग दोन माणसं माझ्या नावावर.

मी म्हणालो, "इतक्यात नको, पुढल्या वर्षी जा." लवूचं तोंड उतरलं. "दादा, तुमीच म्हनता चपळाई लागते. मग?"

आणि त्याच वेळी इद्रीस तालमीत आला. अपघातानंतर पहिल्यांदा. दारातच म्हणाला, "लवू, घाटावर जायचंय ना? मी करतो तुला तयार." मग माझ्याकडे वळून, "काशीराम, आनखी माती आन. ह्यात नाय भागायचं. गुडघ्यापर्यंत पाय गेला पायजे."

इतकी खोल माती त्याला का हवी, ते मला समजेना. बहुतेक खांद्यासाठी, पुन्हा पडायला नको म्हणून. विचारायचं धाडस झालं नाही. मी पावसात टोपल्या वाहिल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी इद्रीस हौद्यात उभा राहतो, एक हात कमरेला बांधून, आणि लवूला सांगतो, "पाय उपसायला शिक. घुसू नको, थांब. त्याला येऊ दे. तो वाकला की घुस." माझे सगळे धडे त्याने उलटे केले आहेत. लवू पुन्हा पुन्हा पडतो आणि उठतो. परवा मी काहीतरी सूचना केली, तर लवू म्हणाला, "दादा, जरा इद्रीसभायचं ऐकू दे." माझ्यामुळे ज्याचा हात गेला तो माझी चूक निस्तरतो आहे, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

गुरुवार, १८ ऑगस्ट

आज सांगायचंच असं ठरवून वखारीवर गेलो. इद्रीस स्टुलावर बसून डुलक्या घेत होता. उठवलं नाही.

खरं तर तो जागा होता. मी वळल्यावर त्याने हाक मारली. मी ऐकलं नाही असं दाखवून आलो.

रविवार, २ ऑक्टोबर

लवू आज निघाला. एक माणूस सोबत दिला आहे. निघण्यापूर्वी त्याने वस्तादांच्या पाया पडून झाल्यावर माझे पाय धरले. "दादा, तुमच्यामुळं हाय मी." मी त्याला उठवलं आणि तोंडात आलेले शब्द गिळले. आता त्याला सांगून त्याचे पाय लटपटवण्यात काही अर्थ नव्हता. पण परत आल्यावर सांगायचं, सगळ्या तालमीदेखत, असं पक्कं ठरवलं. आणि त्याआधी इद्रीसला. मोटारगाडी सुटल्यावर तडक वखारीवर गेलो.

इद्रीस दारात बसून डाव्या हाताने सुतळीच्या गाठी सोडवत होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "इद्रीस, माती मी चोपली होती."

त्याने वर पाहिलं नाही. "ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"पायानं. तुला काय वाटलं, येवडी वर्सं मातीत काडली, मला माती कळायची नाय?"

मी त्याच्याजवळ खाली बसलो. मी विचारलं, मग बोलला का नाहीस, माती फिरवा म्हणायचं होतंस.

"विचारलं की तुला. बरी हाय का म्हनून विचारलं. तू नुसतं थांब म्हनाला असतास, देवाचं काय तरी राह्यलंय म्हनून खोटं सांगितलं असतंस, तरी मी बाहेर येऊन बसलो असतो. तू बरी म्हनालास." त्याने गाठ दातात धरून ओढली. "मंग काय करू? घाटावरचे लोक बसलेले. माती फिरवा म्हनलो असतो तर तू पुन्ना तालमीत आला असतास काय? तुला हाय काय दुसरं? ना अंगात जोर, ना घरात बायको. ती तालीमच हाय."

"तुझा हात गेला, इद्रीस."

"म्या म्हनलं सांभाळून खेळू, होईल. नाय झालं." मग पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "राग नाय आला असं समजू नको. लई आला. कनीज तर तुला दारात घेऊ नको म्हनत होती. तिला तवाच सांगितलं मी. रोज वाट बगितली तुजी. आज सांगंल, उद्या सांगंल. आंबे आनलेस, नोकरी आनलीस. सांगितलं नायस."

मी रडलो. चाळिशीला टेकलेला माणूस वखारीच्या दारात रडतो आहे, हमाल बघत होते. त्याने मला रडू दिलं. मग मी म्हणालो, लवू आला की सगळ्यांसमोर कबूल करतो. वस्तादांसमोर, तालमीसमोर. लोकांनी तोंडाला काळं फासलं तरी चालेल.

"नाय."

"का?"

"लवूकडं काय हाय त्या एका कुस्तीबिगर? तिच्यावर तर तो उभा राह्यला. माज्याकडनं तीन महिने जे शिकला ते त्या भरवशावर शिकला. ते काडून घेतलंस तर उद्या परत माडावर चडताना त्याचे हात कापतील."

"पण खरं—"

"तुला मोकळं व्हायचंय, काशीराम. त्याच्यासाटी त्याला कशाला बुडवतोस?" तो सुतळी गुंडाळायला लागला. "मी येवडी पोती उचलली. तू येवडं एक उचल. कुनाला सांगू नको. मरेपर्यंत."

मग त्याने मला हाताने जायची खूण केली. रागाने नव्हे. बंदरावर काम संपल्यावर करतो तशी.

सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं.

रविवार, १६ ऑक्टोबर

लवू परत आला. कुस्ती बरोबरीत सुटली. तो दांडगा त्याला पाडू शकला नाही, आणि घाटावरच्या लोकांनी त्याला खांद्यावरून मिरवलं. भगवा फेटा बांधून पाठवला आहे. आज तालमीत सत्कार केला. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, पुढच्या ओळीत वस्ताद आणि त्यांच्या शेजारी इद्रीस. कनीजही बायकांमध्ये येऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

लवूला बोलता येत नाही. दोन वाक्यांत आटोपलं. "मला इद्रीसभायनं शिकवलं. पन वाट काशीरामदादानं दाखवली. ती हनुमान जयंतीची कुस्ती झाली नसती तर मी आज कोन होतो?" मग त्याने माझा हात धरून मला पुढे ओढलं. "दादा, सांगा ना. ती कुस्ती कशी झाली ते सांगा. तुमीच चांगलं सांगता."

सगळे ओरडायला लागले. सांगा, चिटणीस, सांगा!

मी इद्रीसकडे पाहिलं. त्याने मान हलवली, सुरू कर म्हणून.

मी सांगितलं. लवू कसा विजेसारखा घुसला, इद्रीसने कसं उचललं, आणि वर हवेत असताना लवूने कसं अंग फिरवलं की एवढ्या मोठ्या पैलवानाचा तोल गेला. चपळाईपुढे ताकदीचं काही चाललं नाही, असंही म्हणालो. चांगलं सांगितलं मी. मध्ये कुठे अडखळलो नाही. लवू फेट्याचा शेमला चावत खाली मान घालून ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला तिकडे पाहवेना. वस्ताद डोळे मिटून बसले होते.

सगळ्यांत आधी इद्रीसने दाद दिली. उजवा हात वर येत नाही, म्हणून टाळी वाजत नाही त्याची. डाव्या हाताने तो मांडीवर थापा मारत राहिला, सगळे थांबल्यावरही.